दोन सॉव्हरिन आणि एक मांजर

भरपाईच्या व्हाउचरला रेव्हेन्यू स्टॅम्प लावून झाला होता. शाईचा पॅड उघडून मी पोर्चच्या कठड्यावर ठेवला होता. यमुनाबाईंनी अंगठा उमटवला की फाइल बंद. पण यमुनाबाई कठड्याकडे येईनात. त्या पोर्चमधल्या पांढऱ्या गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वाकल्या, मागे सरल्या, परत वाकल्या. मग पदर सारखा करत माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ही ती गाडी नव्हं, सायेब.”

“हीच ती, यमुनाबाई. सगळं तपासून झालंय.”

“तुमी तपासलं आसंल. आंगावर माझ्या आली व्हती.”

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधली. मी नाशिकमध्ये मोटार सर्व्हेअर होतो. लोकांना वाटायचं मी जमिनी मोजतो. पुष्कळांनी बांधाची भांडणं घेऊन माझ्या ऑफिसचा जिना चढलेला आहे. माझं काम वेगळं. गाडीला अपघात झाला की विमा कंपनी मला पाठवायची. गाडीला काय लागलं, कशाने लागलं, मालक सांगतो ते त्या पत्र्याला पटतंय का, हे पाहून रिपोर्ट द्यायचा. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं, तर ते तुमच्या वतीने कंपनी भरते. त्याला थर्ड पार्टी क्लेम म्हणतात. पहिली पार्टी तुम्ही, दुसरी कंपनी, आणि तिसरा तो बिचारा, ज्याला आपण पार्टी आहोत हे माहीतही नसतं.

या गोष्टीतली तिसरी पार्टी म्हणजे मखमलाबादच्या यमुनाबाई आणि त्यांचे यजमान रामभाऊ. दोघांचा फुलांचा मळा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे झेंडूने गच्च भरलेली बैलगाडी घेऊन ते पंचवटीकडे निघाले होते. वर्षभरात झेंडूला खरा भाव त्याच एका दिवशी. समोरून रस्त्याची बाजू सोडून एक पांढरी मोटार आली आणि उजव्या बैलाला आणि चाकाला धडकली. बैलगाडी कलली, बैल गुडघ्यावर बसला, झेंडू रस्ताभर झाला. यमुनाबाई उडून जुवापाशी पडल्या. मोटार क्षणभर थांबली, थोडी मागे गेली आणि कडेने वळसा घालून निघून गेली. नशीब इतकंच, की माणसांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. बैलाचा पाय मात्र चांगलाच दुखावला.

मागून एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फर्स्ट शिफ्टला निघालेला एक फिटर स्कूटरवरून येत होता. त्याने जाणाऱ्या मोटारीची पाठ पाहिली. नंबरप्लेट चिखलाने भरलेली. डिकीवर मात्र चकचकीत इंग्रजी अक्षरं होती. ती त्याने बॉलपेनने तळहातावर लिहून घेतली आणि हवालदाराला दाखवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते हवालदार माझ्याकडे आले. अक्षरं त्यांनी डायरीत उतरवली होती.

“पाटणकर साहेब, हे काय आहे? मी वाचतो तर सोव्हेरेईग्न होतंय.”

मी हसलो. आजही ते हसू आठवलं की मला बरं वाटत नाही. “सॉव्हरिन,” मी म्हणालो. “त्यातला जी म्हणायचा नाही. विलायती गाडी. अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे. शरणपूरला साळवी चीफ साहेबांकडे. पांढरीच आहे.”

हवालदारांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना चहा पाजला. कुठल्या कंपनीची गाडी, कितवं मॉडेल, किती सिलिंडर, सगळं ऐकवलं. न विचारता ऐकवलं.

साळवी साहेब बोटीवर चीफ इंजिनिअर होते. पुढे सात-आठ वर्षं इंग्लंडला किनाऱ्यावरची नोकरी केली आणि रिटायर होऊन शरणपूरला स्वतःच्या बंगल्यात आले. येताना तिथे वापरलेली गाडी बोटीने आणली. तिचा विमा आमच्याच कंपनीचा, त्यामुळे ती मी आधी दोनदा पाहिली होती. पहिल्या वेळी त्यांनी मला तासभर उभं करून गाडीचं घराणं सांगितलं होतं. त्यात दोन कंपन्या येतात. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. एक थोरली, फार जुनी, राजघराण्याला गाड्या पुरवणारी. दुसरी धाकटी, वेगाच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध. पुढे धाकटीने थोरलीला विकत घेतलं. त्यानंतर दोघींच्या गाड्या एकाच कारखान्यात होऊ लागल्या. सांगाडा तोच, इंजिन तेच, काचा त्याच. फक्त नावं वेगळी आणि तोंडावरची खूण वेगळी. थोरलीची ती सॉव्हरिन. चीफ साहेबांची गाडी थोरलीची.

“म्हणजे लेबल बदललेला तोच माल,” मी तेव्हा म्हणालो होतो. त्यावर त्यांनी मला चहा दिला नव्हता.

तर मी पोलिसांना सॉव्हरिनचा पत्ता दिला, आणि दोन दिवसांनी कंपनीने त्याच गाडीच्या सर्व्हेसाठी मला पाठवलं. आमचे ब्रँच मॅनेजर नाडकर्णी म्हणाले, “पाटणकर, तुम्हीच ओळखलीत म्हणे. मग लांबवू नका. लहान क्लेम आहे.”

मी गेलो. गाडीच्या उजव्या मडगार्डला पोचा होता. ताजा. शेजारच्या बंगल्यात दूध घालणाऱ्या माणसाने सांगितलं, की त्या दिवशी पहाटे चीफ साहेबांचा ड्रायव्हर गाडी घेऊन फाटकातून आत येताना त्याने पाहिला. रंग जुळला, नाव जुळलं, पोचा जुळला, वेळ जुळली. एवढं जुळल्यावर सर्व्हेअर आणखी काही पाहत नाही. पाहायला हवं, पण पाहत नाही.

ड्रायव्हर काशिनाथ गांगुर्डे. पन्नाशीचा, शिडशिडीत, नाशिकरोडच्या कॉलनीतून सायकलने येणारा. मी त्याला विचारलं, “काशिनाथ, काय झालं होतं?”

“मी बैलगाडीला धडक दिली नाय, साहेब.”

“पहाटे गाडी बाहेर होती?”

“व्हती.”

“कुठे गेली होती?”

तो बोलला नाही.

“मडगार्डला पोचा कसा आला?”

त्यालाही उत्तर नाही. “मी धडक दिली नाय,” एवढंच परत म्हणाला.

असा माणूस खरं बोलत असेल हे कोणाला वाटेल? मी रिपोर्टात इंग्रजीत लिहिलं, ‘चालक काशिनाथ गांगुर्डे यांचे उत्तर असमाधानकारक.’ आमच्या रिपोर्टांतला हा नेहमीचा शब्द. लिहायला सोपा असतो.

चीफ साहेबांनी रिपोर्ट वाचला आणि काशिनाथकडून किल्ली मागून घेतली. ओरडले नाहीत, कामावरूनही काढलं नाही. “पगार चालू राहील. तू बागेकडे बघ,” म्हणाले. बारा वर्षं चाक धरलेल्या माणसाच्या हातात पाण्याचा पाइप आला. पुढचे दोन आठवडे तो रोज वेळेवर येऊन, जी गाडी पूर्वी तो पुसायचा, तिच्या बाजूच्या जास्वंदीला पाणी घालत होता.

चीफ साहेबांना या प्रकाराची फार लाज वाटली होती. आपल्या गाडीने माणसं पाडून पळ काढला, हे त्यांच्याने सहन होईना. कोर्टकचेरी नको, त्या कुटुंबाला आत्ताच भरपाई द्या, वर आपण स्वतःही काही देऊ, आणि हे सगळं आपल्या घरी माफी मागून देऊ, असा त्यांचा आग्रह. नाडकर्णींना तडजोड हवीच होती. त्यांनी व्हाउचरही माझ्याच गळ्यात घातलं. म्हणून दिवाळीच्या तोंडावर यमुनाबाई आणि रामभाऊ शरणपूरच्या त्या पोर्चमध्ये आले, आणि यमुनाबाईंनी ते वाक्य उच्चारलं.

रामभाऊंनी बायकोच्या जवळ जाऊन हळूच काहीतरी सांगितलं. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण अर्थ कळला. घरात बैल बसून होता आणि दसऱ्याचा माल मातीत गेला होता. समोरचा माणूस आपणहून देतोय, तर घे.

यमुनाबाई मोठ्यानेच म्हणाल्या, “आपल्याला ज्यानं पाडलं त्याचं घ्यायचं. ह्यांचं कशापायी घ्यायचं? ह्यांनी काय केलंय?”

“बाई, सगळ्या गाड्या पुढून सारख्याच दिसतात,” मी म्हणालो. सर्व्हेअरने हे वाक्य बोलावं, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

“सारख्या कशा? ह्या गाडीच्या कपाळाला निऱ्या हायेत.” त्यांनी रेडिएटरच्या जाळीवरच्या क्रोमच्या पट्टीकडे बोट दाखवलं. त्या पट्टीला उभ्या बारीक पन्हळी होत्या, अगदी लुगड्याच्या चुण्या घातल्यासारख्या. “त्या गाडीला निऱ्या नव्हत्या. गुळगुळीत व्हती. मी पडले ती तिच्या तोंडाम्होरंच. तिच्यापास्नं हातभरच लांब व्हतं माझं नाक.”

काशिनाथ पाइप हातात धरून उभा होता. पाणी त्याच्या चपलांवर पडत होतं, ते त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात दारातून एस्तेरबाई बाहेर आल्या. चीफ साहेबांची बायको. हयातभर हॉस्पिटलात मेट्रन होत्या. बोलण्यात अजून वॉर्डातला आवाज होता. पण त्या दिवशी आवाज बारीक झाला होता.

“मडगार्डचा पोचा माझा आहे,” त्या म्हणाल्या.

चीफ साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे?”

“फाटकाचा खांब. मी घासली गाडी.”

“तू गाडी चालवतेस?”

“शिकतेय.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी एस्तेरबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर चीफ साहेबांनी त्यांना स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. तसा तो त्यांनी कधीच लावलेला नव्हता, पण मनाई झाली म्हणून इच्छा झाली. आठवड्यातून दोनदा, चीफ साहेब झोपेत असताना, काशिनाथ गाडी ढकलत फाटकाबाहेर नेई आणि गंगापूर रोडला मोकळ्या रस्त्यावर त्यांना शिकवी. त्या पहाटे परत येताना, “फाटकातून मीच घेते,” असा त्यांनी हट्ट केला. खांब लागला. मग काशिनाथने गाडी बाहेर घेऊन नीट आत आणली. दूधवाल्याने पाहिलं ते नेमकं तेवढंच.

“आणि हा गप्प का बसला?” चीफ साहेबांनी विचारलं.

“मी शपथ घातली होती त्याला.”

“बारा वर्षांची नोकरी जायची वेळ आली तरी?”

उत्तर काशिनाथनेच दिलं. “बाईंनी माझी दोन्ही पोरं जगात आणली, साहेब. दुसऱ्या खेपेला तीन रात्री उठल्या नाहीत माझ्या बायकोपाशनं. एक गोष्ट सांगू नको म्हणाल्या. म्या नाय सांगितली.”

एस्तेरबाई म्हणाल्या, “मला वाटलं विमा भरेल, काशिनाथला पगार मिळतोच आहे, दिवाळीनंतर सांगू. रोज उद्यावर ढकललं.” मग त्या यमुनाबाईंकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही समोर आलेले पैसे सोडलेत. मग मला आत बसवेना.”

यमुनाबाईंना यातलं फारसं कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “बाई, गाडी शिकायची तर शिका की. पर उजेडाची शिका.”

मी मडगार्डजवळ गेलो आणि पोच्यात नख घातलं. नखाला पांढरी भुकटी आली. चुना. फाटकाचा खांब चुन्याने रंगवलेला होता. पांढऱ्या गाडीला पांढरा चुना लागला तर दिसणार कुठून, असं मी स्वतःला सांगितलं. पण सर्व्हेअरच्या फीमध्ये नख घालणंही धरलेलं असतं.

मग मी बॅगेतून पंचनाम्याची नक्कल काढली आणि पहिल्यांदा सगळी वाचली. त्यात एक ओळ होती, ‘समोरून मांजर आल्याने सदर बाई घाबरल्या.’ ती मी आधीही वाचली होती आणि सोडून दिली होती. पंचनाम्यांत मांजरं, कुत्री, खड्डे पुष्कळ असतात.

“यमुनाबाई, हे मांजर कुठलं?”

“गाडीचं.”

“गाडीतून मांजर आलं?”

“गाडीतनं न्हाई. गाडीवर. जाळीच्या मधोमध. एवढं मांजराचं तोंड, दात इचकलेलं.” त्यांनी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ केलं. “हवालदाराला सांगितलं म्या, म्होरनं मांजर आलं म्हणून. त्यांनी लिवलं की.”

हवालदारांची चूक नव्हती. बाईंनी सांगितलं ते त्यांनी लिहिलं होतं. विचारलं कोणी काहीच नव्हतं.

चीफ साहेब एकदम सरळ झाले. “मांजर म्हणजे धाकटी कंपनी,” ते म्हणाले. “जाळीवर जनावराचं तोंड लावते ती धाकटी. निऱ्या म्हणजे थोरली. पण पाटणकर, मग हे जमत नाही. धाकटीच्या गाडीला सॉव्हरिन म्हणतच नाहीत. ते नाव आमचं आहे.”

म्हणजे पेच असा. बाई म्हणतात मांजर. फिटर म्हणतो सॉव्हरिन. आणि चीफ साहेबांच्या माहितीप्रमाणे मांजरवाली सॉव्हरिन जगात नाही. दोघांपैकी एकाचं चुकलं असणार. पूर्वीचा मी असतो तर बाईंचं चुकलं असं लगेच ठरवलं असतं, कारण फिटरला इंग्रजी येत होतं. पण आता माझ्या नखात चुना होता.

व्हाउचर खिशात घालून मी निघालो. गाडी पळाली खरी, पण धडकलेली गाडी फार लांब जाऊन मिरवत नाही. ती डेंटरकडे जाते. डेंटर म्हणजे पोचे काढून पत्रा सरळ करणारा. शहरातले सगळे डेंटर माझ्या ओळखीचे, कारण त्यांच्या एस्टिमेटांवर लाल पेन्सिल मीच फिरवायचो. द्वारका चौकाच्या बाजूला रफिकभाईंचं शेड होतं. त्यांना मी विचारलं, “विलायती गाडी, पांढरी, जाळीवर मांजर. आली का कुठे?”

रफिकभाई म्हणाले, “मांजर कशाला म्हणता, साहेब? चित्ता आहे तो. मागे उभी आहे. हेडलाइटची रिंग मुंबईहून यायचीय, म्हणून तीन आठवडे जागा अडवून बसलीय.”

त्यांनी ताडपत्री ओढली. पांढरी गाडी. उजवा हेडलाइट फुटलेला, मडगार्ड चेपलेलं. कपाळ गुळगुळीत, निरी एकही नाही. जाळीच्या मधोमध दात विचकलेलं तोंड. रेडिएटरच्या पट्ट्यांत वाळून काळपट झालेल्या झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या, चिमूटभर नव्हे, मूठभर. मी मागे गेलो. डिकीवर डाव्या बाजूला तेच चकचकीत नाव, अक्षर न अक्षर तेच. सॉव्हरिन.

मी संध्याकाळी चीफ साहेबांकडे जाऊन हे सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर शेडमध्ये आले. डिकीवरची अक्षरं त्यांनी बोट फिरवून वाचली. मग इंग्लंडमधल्या एका जुन्या सहकाऱ्याला त्यांनी ट्रंककॉल लावला. पोलिसांना मी आदल्या दिवशीच कळवलं होतं, पण चीफ साहेबांच्या लेखी मुख्य तपास हाच होता. खुलासा असा झाला, की ते भारतात परत आल्यानंतर कंपनीने सॉव्हरिन हे नाव थोरलीकडून काढून धाकटीला दिलं होतं. थोरलीच्या गाडीला आता दुसरंच काही म्हणत होते. गाडी तीच, नाव फक्त एका बहिणीच्या दारातून उचलून दुसरीच्या दारावर लावलेलं.

“विचारायची पद्धत नाही का?” चीफ साहेब म्हणाले. बैलगाडीच्या अपघातापेक्षा त्यांना याचा राग जास्त आला होता असं मला वाटलं. मी तसं बोललो नाही. एकदा चहा गेला होता.

गाडीचा मालक मुंबईचा एक तरुण कंत्राटदार होता. गंगापूर धरणाच्या बाजूला त्याने जमीन घेतली होती. गाडी नवी, नाशिकला दुसऱ्यांदाच आलेली, म्हणून माझ्या यादीत नव्हती. आधी त्याने बैलगाडीच रस्त्याच्या मधून चालली होती असं सांगून पाहिलं. पोलिसांनी यमुनाबाईंना शेडमध्ये आणलं. त्या जाळीसमोर वाकल्या आणि म्हणाल्या, “हेच मांजर.” मग त्यांनी पट्ट्यांतून एक पाकळी ओढून काढली, चुरगळली, वास घेतला. “आमचाच झेंडू. कलकत्ता.” त्या जातीचा झेंडू निम्म्या तालुक्यात होता, पण कंत्राटदाराला ते माहीत नव्हतं. त्याने कबुली दिली.

त्याच्या विमा कंपनीने भरपाई दिली. यमुनाबाईंनी आणखी एक अट घातली होती. त्याने मखमलाबादला येऊन बैल बघायचा. तो आला. बैलासमोर उभं राहून काय करायचं ते त्याला कळेना, तेव्हा रामभाऊंनी त्याच्या हातात कडब्याची पेंडी दिली. बैल दिवाळीनंतर चालायला लागला, थोडा लंगडत. पुढल्या दसऱ्याला मात्र गाडीला जुंपला होता.

मला पहिला रिपोर्ट मागे घ्यावा लागला. नाडकर्णी म्हणाले, “पाटणकर, बंद झालेली फाइल उघडणारा सर्व्हेअर मी पहिल्यांदा पाहतोय.” मी म्हणालो, “साहेब, कंपनीचा पैसा वाचला.” ते म्हणाले, “ते ठीक आहे, पण मी हेड ऑफिसला काय लिहू? मांजर?” शेवटी त्यांनी ‘ओळख परेडअंती’ असं लिहिलं. हेड ऑफिसला ते फार आवडलं.

काशिनाथला किल्ली परत मिळाली. चीफ साहेबांनी ती स्वतः बागेत नेऊन दिली. काय बोलले ते मला माहीत नाही. एस्तेरबाईंना उजेडी शिकायची परवानगी मिळाली, मागच्या सीटवर चीफ साहेब बसतील या अटीवर. त्यामुळे शिकवणं काशिनाथला फार अवघड झालं, असं तो सांगायचा.

मी समजत होतो की प्रकरण संपलं. आठवड्याने काशिनाथ माझ्या ऑफिसात आला. सायकल खाली लावून, शर्टाचं वरचं बटण लावून. मी खुर्ची दिली, तो बसला नाही.

“साहेब, तुमचा पहिला रिपोर्ट इंग्रजीत व्हता. माझ्या पोरीनं वाचून दाखवला. त्यात माझं नाव व्हतं.”

“होतं. तो रद्द झाला, काशिनाथ. दुसरा दिलाय मी.”

“दुसऱ्यात माझं नाव हाय का?”

मी फाइल काढून पाहिली. दुसऱ्या रिपोर्टात त्याचं नाव असण्याचं कारणच नव्हतं. गाडीचा अपघाताशी संबंध नाही म्हटल्यावर तिच्या चालकाचाही नाही. तांत्रिकदृष्ट्या सगळं चोख होतं. मी त्याला तसं समजावून सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “बरोबर हाय तुमचं. पर वाईट लिवलं तवा नाव घालून लिवलं. चांगलं लिवताना नाव नाय?”

मी कोरा फॉर्म काढून खाली कार्बन घातला. आमच्या छापील फॉर्मात गाडीच्या नावाला रकाना असतो, चासी नंबरला असतो, इंजिन नंबरला असतो. चालकाबद्दल आपण चुकलो, हे लिहायला रकाना नसतो. मी शेऱ्याच्या जागेत मराठीत लिहिलं, की श्री. काशिनाथ गांगुर्डे यांनी सांगितलेले अक्षरशः खरे होते, आणि त्यांचे उत्तर असमाधानकारक असल्याचा शेरा देण्यात माझी चूक झाली. सही केली, शिक्का मारला. एक प्रत कंपनीला, एक त्याला.

त्याने ती उभ्याउभ्या दोनदा वाचली. घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, “हे वाचाय पोरीची मदत लागली नाय.”

“नाही. मराठीत आहे.”

“बरं झालं,” तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर वीसेक वर्षं मी सर्व्हे केले. गाडीचं नाव मी सगळ्यात शेवटी विचारायचो. आधी विचारायचो, तुम्ही काय पाहिलंत. लोक अगदी बरोबर सांगतात. आपण लिहून घेताना त्याचं भलतंच काहीतरी करतो.